सूर्यवाली मशीन

रनाळे, ता. जि. नंदुरबार
३ सप्टेंबर २०२४

अरिहंतशेठ यांस नमस्कार.

सांगाडा जुन्या सागवानी चौकटीचा, एकही खिळा नाही, सगळे स्क्रू. हाताखालचा पत्रा अठरा गेजचा, पेटीवाल्याकडून आणलेला. त्याला हातड्रिलनं आठ भोकं पाडली आणि गोल कानशीनं साफ केली. आठ बटणं घराच्या बेलची. आतल्या स्प्रिंगा लेच्यापेच्या होत्या, त्या फेकून टॉर्चच्या स्प्रिंगा कापून बसवल्या. ट्रान्सफॉर्मर पहिल्या बाजूला अकराशे वेढ्यांचा, हातानं मोजून. आठशेला बेबीबाईनं जेवायला हाक मारली, आकडा चुकला, तो सगळा उलगडून पुन्हा एकपासून. नाणं टाकायची फट, पेटी, पेटीचं कुलूप. एवढं माझ्या हातचं. खेळाचं कार्ड मुंबईच्या भंगारातलं आणि पडदा शहाद्याच्या एका मेलेल्या टीव्हीचा, म्हणून ते यादीत धरत नाही.

तुमचा मेसेज आला : "भाऊ, ती सूर्यवाली मशीन अजून आहे का?" आहे. चालते. असल्या गोष्टी मोबाइलवर लिहायची मला सवय नाही, म्हणून पत्र.

तुम्हाला माहीत आहे तेच पुन्हा लिहितो, कारण ते कागदावर कुठेच नाही. जुलै १९९७ अखेर ती मशीन मी तुमच्या वडिलांच्या, भीकमचंदशेठच्या, कापडदुकानामागच्या खोलीत बसवली. १२ ऑगस्टला माझा मेहुणा चंदन, बेबीबाईचा धाकटा भाऊ, जिनिंगमध्ये फिटर, वय तेवीस, खेळताना पत्र्याला चिकटला आणि गेला. दुसऱ्या दिवशी भीकमचंदशेठनी मशीन ट्रॅक्टरवर घालून माझ्या दारात आणून टाकली. पोलिसांनी अपघात लिहिला. गावानं हिलाल लिहिलं.

ती मी दुरुस्त केली नाही, कारण बिघडलेलीच नव्हती. अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला, शेडमध्ये उभी केली. रविवारी लोक येतात. दोंडाईच्याहून येतात. पैसे घेत नाही.

तुम्ही का विचारलंत?

हिलाल

*

सुरत
११ सप्टेंबर २०२४

प्रिय हिलालभाऊ, जय जिनेंद्र.

तुमचं अक्षर अजून तसंच, ड्रॉइंगच्या पट्टीवर बसवल्यासारखं. पाकीट बघूनच ओळखलं.

का विचारलं? खरं सांगू का, मला त्या खेळानं सोडलं नाही. माझी इथे साड्यांची दोन दुकानं आहेत, मुलगा रिंकू हाताशी आहे. त्याच्याकडे डोळ्याला चष्मा लावून खेळायचे खेळ आहेत. मान फिरवली की मागचं आकाश दिसतं, जहाजाच्या काचेवर धूळसुद्धा दिसते. मी पंधरा मिनिटं खेळलो नि काढून ठेवला. आपल्या पडद्यावर काय होतं? काळं आभाळ, मध्ये एक ठिपका म्हणजे सूर्य, दोन बाजूंना दोन पांढरी जहाजं, माझ्या नखाएवढी. सूर्य दोघांना ओढतो. तेल संपत जातं. समोरच्याला पाडायचं आणि आपण सूर्यात पडायचं नाही. बस. तरी पन्नाशीला आलेला माणूस हिशेब करताना टेबलावर बोटं हलवतो, डावं, उजवं, जोर, गोळी. बायको म्हणते, पेटी वाजवताय का?

फोनवर त्याची एक नक्कल मिळाली. पण तिचा सूर्य खोटा आहे. ओढतो, पण आपल्यासारखा नाही. काय फरक आहे ते तुम्ही सांगाल.

दहा बटणांवर आपल्या तिघांचे हात, मागे पोरांची रेटारेटी. चंदन म्हणायचा, "अरिहंत भो, तू कापड मोजाले जाय, हाई तुन्हं काम नही!" अजून ऐकू येतं.

माझ्या डोक्यात एक कल्पना आहे. पुढच्या पत्रात लिहीन. वहिनींना नमस्कार.

तुमचा
अरिहंत

*

रनाळे
१६ सप्टेंबर २०२४

अरिहंतशेठ,

बटणं आठ होती. एकेकाला चार.

नकलेबद्दल : तिच्यात सूर्याची ओढ सगळीकडे सारखीच ठेवलेली असणार. आपल्या कार्डात जहाज जितकं जवळ जातं तितकी ओढ वाढते. म्हणून तर चंदनची 'गोफण' चालायची. जहाज सूर्याच्या अंगावर सोडायचं, समोरचा म्हणणार हा मेला, आणि शेवटच्या क्षणी एकच बोट जोरावर ठेवून सूर्याला वळसा घालून मागून यायचं, शेतात गोफण फिरवून दगड सोडतात तसं. बोट पाव सेकंद लवकर पडलं तर जहाज बाहेर भिरकावतं, उशीर झाला तर राख. तो खेळ लबाडी करत नाही. जो मेला तो स्वतःच्या बोटानं मेला, आणि ते त्याला कळतं. म्हणून माणूस पुन्हा नाणं टाकतो. चष्मेवाल्या खेळांत आपण का मेलो तेच समजत नाही.

आता माझा प्रश्न. सत्तावीस वर्षांत मी कुणाला विचारला नाही.

त्या खोलीत दोन पिनांचा जुना सॉकेट होता, अर्थिंग नव्हतं. अर्थिंगशिवाय पडदा थरथरायचा, पत्र्याला हात लावला की मुंग्या यायच्या. मागच्या चौकात खड्डा खोदून कोळसा, मीठ आणि पाईप घालायला मी मजूर घेऊन आलो होतो. तुमच्या आईनं, उमरावबाईंनी, दारातच अडवलं. "चौमासो लागग्यो, हिलाल. अबे जमीन कोनी खोदणी." मातीत जीव असतात, कार्तिकी पुनवेपर्यंत कुदळ लावायची नाही. मी म्हटलं, मग मशीन चार महिने बंद ठेवू. तुमचे वडील म्हणाले, शाळा सुटलेल्या वेळेला दुकानात गर्दी होते, कायतरी कर, तुला सगळं येतं ना?

"तुला सगळं येतं ना" हे ऐकलं की माझं डोकं काम करायचं थांबतं, हे मला आता कळतं. मी पत्र्याची वायर न्यूट्रलला, म्हणजे करंट नसलेल्या तारेला, जोडली. तात्पुरती. पडदा स्थिर झाला. पण प्लग उलटा लागला की तोच पत्रा जिवंत होणार, हे मला माहीत होतं. म्हणून प्लगच्या वरच्या बाजूला लाल ऑइलपेंटची खूण केली. मशीनला दोरीनं टेस्टर बांधला. तुम्हाला आणि तुमच्या वडिलांना उभं करून सांगितलं : प्लग काढायचा नाही. काढलाच तर लाल बाजू वर, आणि टेस्टर लावल्याशिवाय कुणी पत्र्याला हात लावायचा नाही. तुमच्या दुकानात चपला बाहेर काढायची पद्धत, पोरं अनवाणी, म्हणून दोनदा सांगितलं.

मी आलो तेव्हा चंदन ओट्यावर होता आणि प्लग कुणीतरी उपटून टाकलेला होता. त्यामुळे तो आधी कसा लागला होता ते मला बघायला मिळालं नाही.

त्या दिवशी सकाळपासून तो प्लग कुणी काढला होता का? तुम्ही तिथे होतात.

हिलाल

*

सुरत
२४ सप्टेंबर २०२४

प्रिय हिलालभाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. भाऊ, जुन्या जखमा उकरून कुणाचं भलं झालंय? मी तेव्हा बावीस वर्षांचा. जेवढं आठवतं ते सांगतो. मी आणि चंदन खेळत होतो. लाइट गेली. थोड्या वेळानं आली. चंदननं हात लावला आणि ते झालं. बोर्डाच्या माणसांनी खांबावर तारा उलटसुलट केल्या असतील, तेव्हा काय व्हायचं नाही? बापूजी गेले, आई गेली. कुणाला विचारणार?

तुमच्या मनात काही नुकसानभरपाईचं असेल तर सरळ सांगा, मी पाठ फिरवणारा नाही.

आता कल्पना. इथे वेसू भागात मी एक जागा घेतली आहे. जुन्या खेळांचं कॅफे. आमच्या वयाचे लोक वेडे झालेत त्याच्यासाठी, आणि त्यांची पोरंही. मला त्यात सूर्यवाल्या बारा मशीन हव्यात, तुमच्या हातच्या. सागवानी, टॉर्चच्या स्प्रिंगांसकट. एका मशीनला दीड लाख देतो. दर्शनी भागात पितळी पाटी लावू : 'रचना : हिलाल, रनाळे'. तुमचं नाव गावानं खराब केलं, ते मी सुरतेत चांगलं करीन.

विचार करा.

अरिहंत

*

चिंचपाडा, दवाखान्याच्या व्हरांड्यातून
१४ ऑक्टोबर २०२४

अरिहंतशेठ,

उत्तराला उशीर झाला. बेबीबाईला शुगर आहे. कापूस वेचताना पायात काडी घुसली, तिनं आठ दिवस सांगितलं नाही. आता पाय काळा पडत चालला आहे. शुगर खाली आली की दिवाळीनंतर, ५ नोव्हेंबरला, ऑपरेशन. किती कापावा लागेल ते तेव्हाच कळेल. तोवर मी इथेच.

लाइटबद्दल. १२ ऑगस्ट १९९७ ला मी तुमच्या दुकानापासून चार दुकानं सोडून रिवाइंडिंगच्या दुकानात होतो. तीन एच.पी.ची मोटार भरून टेस्टवर लावली होती. वही माझ्याकडे आहे : चालू ११.०५, बंद १.२०, मध्ये खंड नाही, गरम होते का ते दर पंधरा मिनिटांनी लिहिलेलं. तुमचं दुकान आणि ते दुकान एकाच डीपीवर, लाइट गेली तर दोन्हीकडची जाते. चंदन गेला साडेबाराच्या सुमाराला. १.२० ला मी मोटार का बंद केली, तर तुमच्याकडचा माणूस मला शोधत सगळीकडे फिरून शेवटी तिथे आला.

लाइट गेली नव्हती.

बोर्डाच्या तारांवर घालून मी पंचवीस वर्षं स्वतःचं समाधान केलं असतं, ती वही नसती तर. मला पैसे नकोत. मला का हवं आहे ते सांगतो, कारण तुम्ही ते पैशावर नेलंत.

लग्नाला तीस वर्षं झाली. तिचा भाऊ गेला त्या दिवसापासून बेबीबाईनं मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. शेडमध्ये कधी पाय ठेवला नाही. भाकरी देते, बोलते, हसतेसुद्धा. पण राखीपुनवेला दार लावून बसते, आणि मी बाहेर बसतो. परवा नर्स भुलीच्या कागदावर तिचा अंगठा घेऊन गेली. तेव्हा ती म्हणाली, "माले भूल देतीन. उठनू त उठनू. आते तरी खरं सांग, मन्हा भाऊ कसा मरना?"

मी म्हटलं, "करंट लागीसन."

"ते माले मालूम शे. करंट कोनी सोडा?"

स्क्रूची लांबी विचारली तर मी न मोजता सांगतो. तिला म्हटलं, विचारून सांगतो. तिनं बोटांवर दिवस मोजले. "पाच तारीखना पहिले," म्हणाली.

अरिहंत, तू तिथे होतास.

हिलाल

*

सुरत
२७ ऑक्टोबर २०२४

हिलालभाऊ,

तू 'तू' लिहिलंस. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. म्हणून लिहितो. रिंकूला हे माहीत नाही, त्याच्या आईलाही नाही.

पैज लावली होती, आधी दहा डाव जिंकेल तो जिंकला. हरणाऱ्यानं दुसऱ्याला महिनाभर चहा पाजायचा आणि 'चंदन उस्ताद' म्हणायचं, किंवा 'अरिहंत उस्ताद'. मागे आठ-दहा पोरं. नऊ-शून्य झालं. नऊही वेळा गोफण. मला माहीत असायचं तो आता सूर्याकडे जाणार, मागून येणार, आणि तरी मला चुकवता यायचं नाही. पोरं मोजायला लागली, "नऊ! नऊ!" दुकानातून बापूजींनी ओरडून विचारलं, "कौन हार्‌यो?" आणि कुणीतरी ओरडलं, "तुमना पोऱ्या, शेठ!"

दहावी सुरू झाली. सॉकेट माझ्या गुडघ्याशी होता. मी वाकल्याचं नाटक करून प्लग ओढला. पडदा काळा. मी म्हटलं, "लाइट गयी. डाव रद्द." पोरं ओरडली. चंदन हसत होता. म्हणाला, "लाइट गयी? मंग पंखा कोन फिरवी ऱ्हायना, तुन्हा बाप?"

सगळे वर पंख्याकडे बघायला लागले. मी घाईत प्लग परत खुपसला. लाल बाजू बघितली नाही. खरं लिहितो, आठवणच झाली नाही. टेस्टर समोर लोंबत होता. माझ्या डोक्यात फक्त पंखा होता.

चंदननं दोन्ही हात पत्र्यावर ठेवले. आईनं नुकतीच फरशी पुसून घेतली होती.

त्याला सोडवायला मीच प्लग उपटला. मग बापूजींनी मला आत नेलं. ते म्हणाले, मशीन हिलालची, वायरिंग हिलालचं, तू तोंड उघडायचं नाही. मी उघडलं नाही.

मी नंतर तुझ्या मशीनसारखी दुसरी शोधत राहिलो. कारण माहीत नाही. नक्कल खेळताना मी अजून चंदनविरुद्धच खेळतो. दहावी गेम पुरी झाली असती तर मी हरलो असतो, एवढंच. महिनाभर चहा.

वहिनींना वाचून दाखव. हात जोडतो.

अरिहंत

*

रनाळे
९ डिसेंबर २०२४

अरिहंतशेठ यांस,

पत्र २ नोव्हेंबरला मिळालं. ४ तारखेला संध्याकाळी वॉर्डात बेबीबाईला वाचून दाखवलं. 'पंखा' या शब्दावर मी कागद खाली केला, तर ती म्हणाली, "पुरं वाच." पुरं वाचलं.

ती छताकडे बघत होती. मग तिनं मला विचारलं, तुम्हाला नाही. "प्लग उलटा लागना तं पत्रामा करंट ई, हाई तुले मालूम व्हतं?"

"व्हतं."

"मंग लाल रंगनी टिकली लाईसन तू घर कसा ऊना?"

लाल टिकली लावून मी घरी कसा आलो, हा तिचा प्रश्न. अरिहंतशेठ, सत्तावीस वर्षं मी मनात तुमच्याशी, तुमच्या वडिलांशी, बोर्डाशी भांडत होतो. माझ्या तोंडात तयार उत्तरं होती : मी सांगितलं होतं, मी खूण केली होती, मी टेस्टर बांधला होता. एकही उत्तर तिला देण्यासारखं नव्हतं. मशीन बंद ठेवतो म्हणालो होतो, आणि एका वाक्यानं फुगून ती चालू केली. ज्याला न्यूट्रलचा धोका माहीत नाही त्यानं ती वायर जोडली असती तर ती चूक झाली असती. मला माहीत होतं.

ती म्हणाली, "त्याना हात, तुन्ही वायर. दोन्हीसनी मारा." म्हणजे दोघांनी मारलं. आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी पाऊल कापलं, घोट्याच्या वर. ती वाचली. २४ तारखेला घरी आणली. जेवढं लागतं तेवढं बोलते. घरी आल्यावर एकदा, काठ्यांवर, स्वतःहून शेडमध्ये आली. म्हणाली, "चंदन कोठे उभा ऱ्हाये?" मी डावी बाजू दाखवली. "चालू कर." मी आधी टेस्टर लावला, तिच्यासमोर, पत्र्यावर, आठही बटणांवर, मग चालू केली. तिनं एका काठीवर भार देऊन बोटं ठेवली. जहाज सरळ सूर्यात गेलं. तीनदा गेलं. मी गोफण समजावून सांगायला लागलो, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे." आणि चौथ्यांदा खेळली. चौथ्यांदाही गेलं. नंतर आली नाही.

आता तुमचा रिंकू. १ डिसेंबरला गाडी घेऊन आला. मुलगा सभ्य आहे, पाया पडला. तुम्ही शेवटी त्याला सांगितलंत, हे बरं केलंत. तो म्हणाला, "अंकल, पप्पा जेवत नाहीत. वकील म्हणतात, असं लिहिलेलं बाहेर राहायला नको. तुमच्यावर विश्वास आहे, पण उद्या कुणाच्या हातात पडलं तर?" त्यानं चेक दाखवला, माझं नाव लिहिलेला. मी म्हटलं, चहा घे. चहा होईतो तो शेडमध्ये जाऊन उभा राहिला. म्हणाला, "एकच गेम खेळू?" समोर मी खेळलो. एक झाली, मग "अजून एकच". सहा-शून्य झालं तेव्हा त्याची नजर खाली सॉकेटकडे गेली, असं मला वाटलं. नसेलही. तिथे आता तीन पिनांचा आहे, तो उलटा लागत नाही. सातव्याला तो स्वतः म्हणाला, बस. हरला आणि हसला. तुमच्यापेक्षा बरा खेळाडू होईल.

पोलिसात जाणार नाही. गावात वाचून दाखवणार नाही. गाव मला जे म्हणतं ते निम्मं खरं आहे, आणि उरलेलं निम्मं सांगत फिरायला आता मला तोंड नाही. पण पत्र माझं नाही, बेबीबाईचं आहे. तिनं ते मागून घेतलं. वाचता येत नाही, तरी तिनं मला त्याच्यासोबत माझंही लिहायला लावलं : वायर कुणी जोडली, का जोडली, काय माहीत असताना जोडली. दोन पानं झाली. दोन्ही एकत्र टाचून तिनं तिच्याजवळ ठेवली आहेत. कुठे, ते मला सांगितलेलं नाही.

पितळी पाटी नको. नवीन मशीन मी करणार नाही. ही एक आहे, ती बंद करणार नाही. रविवारी तुम्ही आलात तर उभे राहायला उजवी बाजू मोकळी असते.

तुम्ही देऊ केलं ते असं, नोंद असावी म्हणून लिहितो : बारा सूर्यवाल्या मशीनची ऑर्डर, प्रत्येकी दीड लाख, सगळी रक्कम आगाऊ, मशीन झाल्या नाहीत तरी परत मागणार नाही, आणि बदल्यात २७ ऑक्टोबरचं पत्र. मी नाही म्हटलं. अठरा लाख रुपये.

हिलाल